लिंकनचे पत्र, पीएल ४८०चा गहू आणि एक विधेयक

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक. आमच्या शाळेच्या व्हरांड्यात अब्राहम लिंकनने मुख्याध्यापकांना लिहिलेले पत्र रंगवलेले होते. कित्येक तुकड्यांकडून मी ते पाठ करून घेतले. आता नातू म्हणतो, असे पत्र लिंकनने लिहिलेच नाही. खरे काय? दुसरे असे, की लहानपणी रेशनवर ‘पीएल ४८०’चा गहू मिळायचा. पीएल म्हणजे पब्लिक लॉ हे पुढे कळले, पण ४८० कशाचे? अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचे मूळ कागद आणि तिथल्या संसदेचे कामकाज घरबसल्या, फुकट कुठे वाचता येईल? इंग्रजी वाचायची तयारी आहे.
— एक वाचक, सोलापूर जिल्हा

उत्तर : गुरुजी, नातवाचे म्हणणे बरोबर आहे. त्या पत्राची लिंकनच्या हस्ताक्षरातली प्रत कुठेही नाही आणि त्याच्या लेखनाच्या प्रमाणित संग्रहातही ते नाही. पण हे माझ्या शब्दावर मान्य करू नका. तुम्हाला स्वतःला ते तपासता येते, आणि कसे तपासायचे ते सांगितले की तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्यातच येऊन जाते.

रॉय बासलर यांनी लिंकनची पत्रे, भाषणे, टिपणे, अगदी दोन ओळींच्या चिठ्ठ्यासुद्धा गोळा करून १९५३मध्ये आठ खंडांत छापल्या. ‘द कलेक्टेड वर्क्स ऑफ अब्राहम लिंकन’ हे त्या संग्रहाचे नाव. मिशिगन विद्यापीठाच्या ग्रंथालयाने हे सगळे खंड इंटरनेटवर खुले ठेवले आहेत आणि त्यात शब्द टाकून शोधता येते. शिक्षक, शाळा, माझा मुलगा यांसाठीचे इंग्रजी शब्द टाका, जे निघेल ते वाचा. आपले पत्र त्यात येत नाही. मग वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर जा. लिंकनकडे आलेले आणि त्याने लिहिलेले मिळून सुमारे ४०,००० कागद तिथे छायाचित्रांच्या रूपात आहेत. हे कागद थोरला मुलगा रॉबर्ट याने ग्रंथालयाला दिले, ते एका अटीवर: माझ्या मृत्यूनंतर २१ वर्षे ते कोणाला दाखवायचे नाहीत. रॉबर्ट २६ जुलै १९२६ रोजी वारला आणि बरोबर २१ वर्षांनी, २६ जुलै १९४७ रोजी, कागद खुले झाले. बासलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ते पाहायला मिळाले होते. एवढ्या चाळणीतून जे पत्र कोणाच्या हाती लागले नाही, ज्याला तारीख नाही, शाळेचे नाव नाही, मुख्याध्यापकाचेही नाव नाही, ते लिंकनचे मानायला काही आधार उरत नाही.

याचा अर्थ तुम्ही मुलांकडून पाठ करून घेतले ते वाया गेले असा नाही. महाराष्ट्रात ते पत्र घरोघरी पोचले ते वसंत बापटांच्या अनुवादामुळे, आणि त्यातल्या मराठीची गोडी मुलांच्या कानांना लाभली ती खरीच आहे. मला विचाराल तर मजकूर भिंतीवर राहू द्यावा, खालचे लिंकनचे नाव काढावे आणि बापटांचे घालावे.

आणि मुलांना लिंकनचे खरे पत्र हवे असेल तर त्याच संग्रहाच्या चौथ्या खंडात २२ जुलै १८६०चे पत्र काढा. रॉबर्ट तेव्हा न्यू हॅम्पशर राज्यातल्या फिलिप्स एक्झिटर या शाळेत शिकून हार्वर्डच्या प्रवेशपरीक्षेला बसला होता. तो पास झाला, पण त्याचा स्प्रिंगफील्डचाच मित्र जॉर्ज लेथम नापास झाला. लिंकन त्या वेळी राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार होता, देश फुटण्याच्या उंबरठ्यावर होता, आणि या माणसाने वेळ काढून मुलाच्या नापास मित्राला पत्र लिहिले. तू नापास झाल्याचे कळून मला फार दुःख झाले. पण एकदा हात घातला आहेस तर आता हे तडीस न्यायलाच हवे, असा त्याचा भाव आहे. मागच्याच वर्षी रॉबर्ट स्वतः ही परीक्षा नापास झाला होता, हे लक्षात ठेवून ते पत्र वाचा. दहावीच्या निकालाच्या दिवशी वर्गात वाचून दाखवावे असे ते आहे, आणि ते नक्की लिंकनचे आहे.

आता राष्ट्राध्यक्षांच्या कागदांकडे वळू. ते सगळे एका जागी नाहीत, आणि का नाहीत हे कळले की शोधणे सोपे जाते. १९७८पर्यंत राष्ट्राध्यक्षाचे कागद ही त्याची खासगी मालमत्ता समजली जायची. पद सोडताना तो ते घरी घेऊन जाई. पुढे ते मुलांनी जपले तर जपले. एकविसावा राष्ट्राध्यक्ष चेस्टर आर्थर याने १८८६मध्ये मरण्याआधी आपले बहुतेक कागद जाळायला लावले. हार्डिंगच्या मृत्यूनंतर त्याच्या पत्नीने पुष्कळ कागद नष्ट केले. जॉर्ज वॉशिंग्टनशी झालेला पत्रव्यवहार मार्था वॉशिंग्टनने जाळला, त्यातली हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच पत्रे उरली. एखाद्या राष्ट्राध्यक्षाबद्दल इंटरनेटवर फार थोडे मूळ साहित्य दिसले, तर ‘तो महत्त्वाचा नसावा’ असे समजू नका. कदाचित कोणीतरी काडी लावली असेल.

जे वाचले त्यातला मोठा वाटा लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे आहे. वॉशिंग्टनपासून कूलिजपर्यंतच्या २३ राष्ट्राध्यक्षांचे कागद तिथे आहेत आणि ते सगळे आता पडद्यावर पाहता येतात. जुने हस्ताक्षर लावणे जड जाते, म्हणून पहिल्या पिढीसाठी दुसरी एक जागा अधिक बरी: अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचे ‘फाउंडर्स ऑनलाइन’. वॉशिंग्टन, जॉन ॲडम्स, जेफरसन, मॅडिसन, शिवाय फ्रँकलिन, हॅमिल्टन आणि जॉन जे यांची १,८०,०००हून अधिक पत्रे आणि टिपणे तिथे नीट छापील अक्षरांत, तळटिपांसह आहेत. जेफरसनच्या नावावर व्हॉट्सॲपवर फिरणारे एखादे वाक्य खरे की खोटे हे पाहायला याहून चांगले ठिकाण मला माहीत नाही. वाक्य अवतरणचिन्हांत घालून शोधा. आले तर तारीख, पत्र कोणाला, मागचापुढचा संदर्भ असे सगळे हाती लागते. नाही आले, तर ते पुढे पाठवू नका.

हर्बर्ट हूवरपासून पुढच्या प्रत्येकाचे स्वतंत्र राष्ट्राध्यक्षीय ग्रंथालय आहे. ही कल्पना फ्रँकलिन रूझवेल्टची. त्याने आपले कागद हाइड पार्कच्या घराशेजारी ग्रंथालय बांधून देशाला दिले; ते १९४१मध्ये खुले झाले. आयझेनहॉवरचे ग्रंथालय कॅन्सस राज्यात अबिलीनला, लिंडन जॉन्सनचे टेक्ससमध्ये ऑस्टिनला. निक्सनच्या वेळी वॉटरगेट प्रकरण घडले, तो कागद आणि ध्वनिफिती घेऊन जाईल या भीतीने काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, १९७४मध्ये खास कायदा करून त्या ताब्यात घेतल्या, आणि १९७८च्या कायद्याने खासगी मालकीची प्रथाच मोडली. २० जानेवारी १९८१पासून, म्हणजे रेगनपासून, राष्ट्राध्यक्षाच्या कामाचा प्रत्येक कागद देशाचा. पद सोडून पाच वर्षे झाली की कोणीही माणूस तो मागू शकतो, काही नाजूक कागद मात्र बारा वर्षांपर्यंत राखून ठेवता येतात.

जाहीर भाषणे, संदेश, आदेश यांच्यासाठी ग्रंथालये धुंडाळत बसायची गरज नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा इथल्या शाखेत १९९९पासून चालणारा ‘अमेरिकन प्रेसिडेन्सी प्रोजेक्ट’ आहे. तारीख टाका, राष्ट्राध्यक्षाचे नाव टाका, मजकूर समोर. व्हाइट हाउसचे स्वतःचे संकेतस्थळ मात्र नवा राष्ट्राध्यक्ष शपथ घेतो त्याच दिवशी पार बदलते. जुन्या बातमीत दिलेला दुवा उघडला आणि पान नाही असे आले, तर मजकूर दडवला असे लगेच म्हणू नका. क्लिंटनपासून पुढच्या राष्ट्राध्यक्षांची जुनी संकेतस्थळे राष्ट्रीय अभिलेखागाराने गोठवून ठेवली आहेत, तिथे पाहा.

आता तुमचा गहू. ४८० हा त्या कायद्याचा अनुक्रमांक आहे. ८३व्या काँग्रेसने संमत केलेला ४८०वा सार्वजनिक कायदा. (काँग्रेस म्हणजे अमेरिकेची संसद: सिनेट आणि प्रतिनिधिगृह ही तिची दोन सभागृहे.) दर दोन वर्षांनी निवडणूक होऊन नवी काँग्रेस बसते आणि तिला नवा क्रमांक मिळतो. पहिली १७८९ची. तेव्हा कोणत्याही विषम वर्षातून १७८९ वजा करा, दोनाने भागा, एक मिळवा: १९५३ घेतले तर ८३ येतात, २०२५ घेतले तर ११९. कायद्यांचे क्रमांक प्रत्येक काँग्रेसमध्ये पुन्हा एकपासून सुरू होतात, त्यामुळे नुसते ‘पब्लिक लॉ ४८०’ म्हणणे खरे तर अपुरे आहे. असे कायदे अनेक असू शकतात. १९५७पासून काँग्रेसचा आकडा पुढे जोडण्याची पद्धत पडली. मराठी माणसे मोठ्या संख्येने अमेरिकेत जाऊ लागली त्याला वाट करून देणारा १९६५चा स्थलांतर कायदा म्हणूनच ‘८९-२३६’ असा ओळखला जातो. हा आकडा वाचता आला की अमेरिकेचा कोणताही कायदा तुम्हाला सापडतो.

पीएल ४८०वर आयझेनहॉवरने १० जुलै १९५४ रोजी सही केली. मूळ कलमे ‘स्टॅच्यूट्स ॲट लार्ज’ या कायद्यांच्या सरकारी मालिकेच्या ६८व्या खंडात ४५४व्या पानापासून आहेत. अमेरिकेच्या सरकारी प्रकाशन कार्यालयाच्या ‘गव्हइन्फो’ या संकेतस्थळावर तो खंड उघडतो. नाव वाचले तरी हेतू दिसतो: शेतमालाच्या व्यापाराचा विकास आणि मदत, या क्रमाने. अमेरिकेच्या कोठारांत गव्हाचे ढीग साचले होते, भाव पडत होते. तो माल परदेशांना त्यांच्याच चलनात विकायचा, म्हणजे शेतकरीही वाचेल आणि घेणाऱ्या देशाला डॉलर मोजावे लागणार नाहीत. भारताने पहिला करार ऑगस्ट १९५६मध्ये केला. ४ मे १९६० रोजी आपले स. का. पाटील केंद्रीय अन्नमंत्री म्हणून वॉशिंग्टनला गेले आणि चार वर्षांत १ कोटी ६० लाख टन गहू आणि १० लाख टन तांदूळ देण्याच्या करारावर सही झाली. समोर सही करायला आयझेनहॉवर स्वतः बसला होता.

हा कायदा होताना काँग्रेसमध्ये काय बोलणे झाले ते ‘काँग्रेशनल रेकॉर्ड’मध्ये आहे. १८७३पासून सभागृह भरेल त्या दिवसाचे कामकाज त्यात छापले जाते, आणि जुने बांधीव खंडही आता ‘गव्हइन्फो’वर आहेत. त्याआधीची चौऱ्याऐंशी वर्षे ‘ॲनल्स ऑफ काँग्रेस’, ‘रजिस्टर ऑफ डिबेट्स’ आणि ‘काँग्रेशनल ग्लोब’ या नावांच्या तीन मालिकांत विखुरली आहेत. त्या लायब्ररी ऑफ काँग्रेसवर मिळतील.

या रेकॉर्डबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. ते सरकारी आहे, पण जसेच्या तसे नाही. सदस्यांना आपले बोलणे नंतर सुधारण्याची, वाढवण्याची, न केलेले भाषण छापायला देण्याचीही मुभा असते. १९७२च्या ऑक्टोबरमध्ये प्रतिनिधिगृहातले बहुमतवाल्या पक्षाचे नेते हेल बॉग्ज यांचे विमान अलास्कात बेपत्ता झाले. त्यानंतर दोन दिवसांनी, १८ ऑक्टोबरच्या रेकॉर्डमध्ये, सभागृहात उभे राहून केल्यासारखे त्यांचे भाषण छापले गेले. विमानाचा पत्ता आजवर लागलेला नाही. १९७८पासून न बोललेल्या मजकुरावर खूण करण्याची पद्धत आली, म्हणून जुने खंड वाचताना सावध राहायचे. गेल्या चाळीसेक वर्षांतले असेल तर सी-स्पॅन या वाहिनीचे चित्रीकरण पाहून ताळा घेता येतो. प्रतिनिधिगृहाचे कामकाज १९७९पासून आणि सिनेटचे १९८६पासून दूरचित्रवाणीवर दिसते आहे.

पीएल ४८०ची खरी गोष्ट मात्र कायद्यातही नाही आणि रेकॉर्डातही नाही. १९६५ आणि १९६६ अशी लागोपाठ दोन वर्षे पाऊस फसला. १९६६मध्ये आपण सुमारे एक कोटी टन धान्य आयात केले. त्या मार्चच्या अखेरीस इंदिरा गांधी वॉशिंग्टनला गेल्या, आणि ३० मार्चला राष्ट्राध्यक्ष जॉन्सनने भारताच्या अन्नटंचाईबद्दल काँग्रेसला खास संदेश पाठवला. प्रेसिडेन्सी प्रोजेक्टवर ती तारीख टाका, पूर्ण संदेश वाचा. मैत्रीची, माणुसकीची भाषा आहे.

मग परराष्ट्र खात्याच्या इतिहासकारांच्या संकेतस्थळावर जा. ‘फॉरिन रिलेशन्स ऑफ द युनायटेड स्टेट्स’ ही मालिका लिंकनच्या काळात, १८६१मध्ये सुरू झाली आणि अजून चालू आहे. परराष्ट्र धोरणाची गोपनीय टिपणे, तारा, बैठकांची इतिवृत्ते काही दशकांनी त्यात प्रसिद्ध होतात. १९६४ ते १९६८ या काळाचा पंचविसावा खंड दक्षिण आशियाचा आहे. त्यात तोच जॉन्सन दुसऱ्या रूपात भेटतो: वर्षाचा करार न करता थोडाथोडा गहू सोडणारा, प्रत्येक खेपेला स्वतः मंजुरी देणारा, भारताने शेतीचे धोरण बदलावे म्हणून जहाजे अडवून धरणारा. व्हिएतनाम युद्धावर भारत करत असलेली टीकाही त्याला झोंबत होती. अधिकारी याला ‘शॉर्ट टेदर’ म्हणत, म्हणजे दावे आखूड ठेवणे. त्या खंडात अन्नमंत्री सी. सुब्रमण्यम आणि अमेरिकेचे कृषिमंत्री ऑर्व्हिल फ्रीमन यांच्यात १९६५च्या नोव्हेंबरमध्ये रोम इथे झालेल्या समझोत्याचे धागेदोरेही सापडतात. हरित क्रांतीच्या धोरणाची पावले आपण का आणि किती दबावाखाली उचलली, याचा विचार करणाऱ्या कोणालाही हे कागद टाळता येणार नाहीत.

यातले खरे कोणते? माझ्या मते दोन्ही. जाहीर संदेश जॉन्सननेच पाठवला होता आणि जहाजेही त्यानेच रोखली होती. ज्याने फक्त संदेश वाचला तो अमेरिकेला दाता ठरवतो, ज्याने फक्त टिपणे वाचली तो तिला सावकार ठरवतो. तुमच्या रेशनच्या पिशवीत आलेला गहू या दोन्ही कागदांतून आला होता. म्हणून अमेरिकेबद्दल काही तपासायचे असेल तर कायदा, सभागृहातली चर्चा, राष्ट्राध्यक्षाचे जाहीर बोलणे आणि बंद खोलीतले टिपण, निदान यातले दोन तरी समोरासमोर ठेवावेत, असे मी आग्रहाने सांगेन. १९७१च्या बांगलादेश युद्धाबाबत हे आणखी ठळक दिसते. निक्सनने व्हाइट हाउसमध्ये बसवलेल्या ध्वनिमुद्रण यंत्रणेत इंदिरा गांधींबद्दलची त्याची आणि त्याचा सल्लागार किसिंजर याची शिवराळ बोलणी टिपली गेली. ४ नोव्हेंबरला निक्सन आणि इंदिरा गांधी यांची भेट झाली आणि ५ नोव्हेंबरच्या सकाळचे संभाषण याच मालिकेत छापलेले आहे. रूझवेल्टपासून निक्सनपर्यंत सहा राष्ट्राध्यक्षांनी असे ध्वनिमुद्रण केले. व्हर्जिनिया विद्यापीठाच्या मिलर सेंटरने त्यातले पुष्कळ उतरवून काढले आहे. वाचता वाचता ऐकताही येते.

गव्हाच्या पैशाचे पुढे काय झाले, हेही सांगतो, कारण त्याचा आपल्या भाषेशी संबंध आहे. भारताने रुपयांत दिलेली किंमत भारतातच साठत गेली. १९७४च्या फेब्रुवारीत अमेरिकेचे राजदूत मॉयनिहॅन यांनी त्यातल्या १६६४ कोटी रुपयांचा धनादेश भारत सरकारला परत दिला. पण त्याच्या कितीतरी आधी, १९५८मध्ये, काँग्रेसने कायद्यात दुरुस्ती करून या रुपयांतून पुस्तके विकत घेण्याची मुभा लायब्ररी ऑफ काँग्रेसला दिली होती. १९६२मध्ये तिचे दिल्लीत कार्यालय निघाले आणि भारतीय भाषांतली नवी पुस्तके शिकागो, पेनसिल्व्हेनिया, बर्कली अशा विद्यापीठांना जाऊ लागली. त्यात मराठी पुस्तके होती. रेशनच्या रांगेत उभे राहून लोकांनी मोजलेल्या पैशांतून मराठी कादंबऱ्या, कवितासंग्रह समुद्रापार पोचले आणि टिकले. तुमच्या भागातल्या एखाद्या लेखकाचे साठच्या दशकातले पुस्तक इथे कुठेच मिळत नसेल, तर लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या सूचीत त्याचे नाव रोमन लिपीत टाकून पाहा. निदान नोंद तरी सापडण्याची शक्यता बरीच आहे.

राहिली एक सूचना. हल्ली मोबाइलमधल्या कृत्रिम बुद्धिमत्तेला विचारले की झटपट उत्तर मिळते. विचारायला हरकत नाही. पण उत्तरात खंड, पान, तारीख, संग्रहाचे नाव मागा आणि त्या जागी स्वतः जाऊन पाहा. ही यंत्रे नसलेले खंड आणि नसलेली पानेही ठामपणे सांगतात. लिंकनचे पत्र याच प्रकारे आणखी पिढ्यान्पिढ्या जगू शकते.

प्रश्न : मुलगा टेक्ससमध्ये एच-१बी व्हिसावर आहे. ‘अमेरिकी संसदेत व्हिसा बंद करणारे विधेयक’ अशी बातमी अधूनमधून येते आणि आमची झोप उडते. अशा बातमीत किती तथ्य आहे हे आम्हाला पाहता येईल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : येईल, आणि तेवढ्याने काळजी बरीच हलकी होईल. ‘काँग्रेस डॉट गव्ह’ हे लायब्ररी ऑफ काँग्रेसने चालवलेले संकेतस्थळ उघडा. बातमीत विधेयकाचा क्रमांक असतो, ‘एच.आर.’ असेल तर ते प्रतिनिधिगृहातले, नुसते ‘एस.’ असेल तर सिनेटमधले. क्रमांक टाकला की वरच एक पट्टी दिसते: मांडले, एका सभागृहात संमत, दुसऱ्यात संमत, राष्ट्राध्यक्षाकडे, कायदा झाला. बहुतेक विधेयके पहिल्याच टप्प्यावर थांबलेली दिसतील. एका काँग्रेसच्या दोन वर्षांत पंधरा हजारांहून अधिक विधेयके आणि ठराव मांडले जातात आणि कायदा होतात ते काहीशेच. मुदत संपली की अडकलेले सगळे आपोआप बाद. कोणाही एका सदस्याला विधेयक मांडता येते, त्यामुळे ‘मांडले’ एवढ्यावरून काही ठरत नाही. बेळगावचे श्री ठाणेदार २०२३पासून मिशिगनमधून प्रतिनिधिगृहात आहेत. त्यांनी एप्रिल २०२५मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्यावर महाभियोगाचा ठराव मांडला, त्याच्या मोठ्या बातम्या झाल्या, आणि ठराव तिथेच राहिला. खाली समर्थकांची नावे असतात. दोन्ही पक्षांचे बरेच सदस्य त्यात असतील आणि समितीत मतदान झालेले असेल, तेव्हा लक्ष द्यावे.

पण एक अपवाद मोठा आहे. सगळेच काँग्रेसमधून येत नाही. एच-१बी हा वर्ग १९९०च्या कायद्याने तयार झाला आणि दरवर्षीची ६५,००० आणि वरची २०,००० ही मर्यादा कायद्यातलीच आहे. ती बदलायला काँग्रेस लागते. नव्या अर्जांवर एक लाख डॉलर भरण्याची सप्टेंबर २०२५ची अट मात्र राष्ट्राध्यक्षाच्या उद्घोषणेने आली, विधेयकाने नव्हे. अशा उद्घोषणा, आदेश आणि खात्यांचे नियम ‘फेडरल रजिस्टर’ या सरकारी राजपत्रात छापले जातात, आणि ती अट कोणाला लागू आणि कोणाला नाही हे बातमीपेक्षा तिथे स्वच्छ कळते. मूळ भाषा क्लिष्ट वाटली तर काँग्रेसच्या संशोधन सेवेचे अहवाल वाचा. खासदारांना विषय समजावा म्हणून ही सेवा दोन्ही पक्षांसाठी निःपक्षपाती टिपणे काढते. २०१८पर्यंत ती सर्वांना सहज मिळत नसत, आता काँग्रेसच्याच संकेतस्थळावर आहेत, आणि व्हिसा, भारत-अमेरिका संबंध, आयातशुल्क यांवरची टिपणे इतकी सोप्या इंग्रजीत असतात, की दहावीपर्यंतचे इंग्रजी पुरते.

ज्या विधेयकाने झोप उडवली आहे त्याचे पान सापडले की ‘काँग्रेस डॉट गव्ह’वर फुकट खाते उघडून त्या पानावरची सूचनेची सोय चालू करा. विधेयक पुढे सरकले तर ई-मेल येईल.